दिवा लागला, गाडी मिस मारतेय: डिझेल गाडीत कोडपासून दोषापर्यंत

गाडी मिस मारायला लागली, म्हणजे एखादं सिलेंडर काम करेनासं झालं, आणि मीटरमध्ये इंजिनाचा पिवळा दिवा लागला, की आपल्याकडे बहुतेक जण दोनपैकी एक गोष्ट करतात. एक तर बॅटरीचं टर्मिनल काढून दहा मिनिटांनी परत लावतात. दिवा जातो आणि चार दिवसांनी परत येतो. नाहीतर स्कॅनरवाल्याकडून कोड, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदवलेला दोषाचा क्रमांक, काढून आणतात आणि कोडात ज्या पार्टचं नाव आलं तो पार्ट बदलून टाकतात. पहिल्या पद्धतीत पुरावा पुसला जातो, दुसरीत पैसे जातात. आयटीआय करून नुकताच वर्कशॉपला लागलेला मुलगा किंवा स्वतःच्या गाडीचं बोनट उघडायला न घाबरणारा मालक, या दोघांसाठी मी हे लिहितोय. कोड हातात आल्यावर पुढे काय करायचं, कोणत्या क्रमाने करायचं आणि कुठे थांबायचं, हे यात आहे.

सुरुवातीलाच एक सांगतो, कारण यात हात जाऊ शकतो. मी डिझेलचं काम जुन्या पंप-नोझलच्या गाड्यांवर शिकलो. तेव्हा मिसिंग शोधायला इंजिन चालू ठेवून एकेका नोझलचा नट सैल करायचो. ज्याचा नट सैल करूनही आवाजात फरक पडत नाही, ते सिलेंडर मेलेलं. कॉमन रेलच्या गाडीवर, म्हणजे जिथे एकाच जाड नळीतून (रेलमधून) सगळ्या इंजेक्टरांना, म्हणजे डिझेल फवारणाऱ्या नोझलांना, डिझेल जातं, तिथे ही पद्धत चुकूनही वापरू नका. गाडी नुसती उभी राहून चालू असली तरी रेलमध्ये साधारण २५० ते ३५० बार दाब असतो आणि जोर लावला की तो १६०० बारच्याही पुढे जातो. टायरमध्ये दोन-सव्वादोन बार हवा असते, त्यावरून अंदाज करा. एवढ्या दाबाची बारीक चिळकांडी कातडी भेदून आत जाते. वरून सुईने टोचल्यासारखं दिसतं, सुरुवातीला फारसं दुखतही नाही, पण आत डिझेल पसरत जातं आणि बोट कापायची वेळ येते. कुणाला असं झालंच तर हळद लावून घरी बसवू नका. ताबडतोब सर्जन असलेल्या हॉस्पिटलात न्या आणि प्रेशरचं डिझेल आत शिरलंय, हे स्पष्ट सांगा. चालू इंजिनावर हाय प्रेशरच्या लोखंडी नळीला पाना लावायचा नाही. इंजिन बंद केल्यावरही मॅन्युअलमध्ये दिलेला वेळ जाऊ द्यायचा, मगच हात घालायचा. गळती शोधायला नळीवरून बोट तर कधीच फिरवू नका, पुठ्ठ्याचा तुकडा धरा.

आणि बोनटखाली वाकण्याआधी गळ्यातला रुमाल काढून ठेवा. रेडिएटरचा पंखा चावी बंद असतानाही अचानक फिरू शकतो.

दिव्याचा रंग आणि गाडी चालवायची की नाही

लाल दिवा, म्हणजे ऑइलच्या कॅनचा किंवा टेंपरेचरचा, लागला तर गाडी तिथेच बाजूला घेऊन बंद करायची. "एवढं एरंडोलपर्यंत जाऊ, तिथे बघू" असं करायचं नाही. तेवढ्या अंतरात इंजिन बसतं. पिवळा इंजिनाचा दिवा सलग जळत असेल आणि गाडी नीट चालत असेल, तर हळू चालवत घर किंवा वर्कशॉप गाठता येतं. पिवळा दिवा लुकलुकतोय आणि सोबत गाडी हादरतेय, तर भार टाकू नका, ओव्हरटेक करू नका, जवळ थांबा. कितीही दाबलं तरी गाडी अडीच-तीन हजार आरपीएमच्या वर जात नसेल, तर कॉम्प्युटरने स्वतःच ताकद कापली आहे. याला लिम्प मोड म्हणतात. इंजिन वाचवण्यासाठीच तो असतो, त्यामुळे चावी बंद-चालू करून त्याला सारखं फसवत राहू नका.

लागणारं सामान

एक ओबीडी अडॅप्टर, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमधले कोड मोबाइलवर आणणारा तुकडा. ईएलएम ३२७ नावाने मिळणारे ब्लूटूथचे तुकडे पाचशे ते दोन हजार रुपयांपर्यंत येतात. अगदी स्वस्तातले काही सगळ्या गाड्यांशी बोलत नाहीत, म्हणून परत घेणाऱ्या दुकानातूनच घ्या. मोबाइलवर टॉर्क किंवा कार स्कॅनर यांसारखं अॅप. एक साधा डिजिटल मल्टीमीटर, टॉर्च, आणि वही-पेन. वही हसण्यावारी नेऊ नका, या सगळ्यात जास्त उपयोग तिचाच होतो. पुढे जमलं तर लांबून तापमान मोजणारी इन्फ्रारेड गन घ्या.

२०१३ नंतरच्या बहुतेक गाड्यांत स्टिअरिंगच्या खाली, गुडघ्याच्या आसपास सोळा पिनांचं सॉकेट असतं. अडॅप्टर तिथे लावायचा, चावी ऑन करायची, इंजिन चालू करायचं नाही, आणि अॅप जोडायचं. काम झालं की अडॅप्टर काढून घ्या. आठवडाभर लावून ठेवला तर तो बॅटरी पीत राहतो.

कोड पूर्ण वाचा, आणि पुसण्याआधी उतरवून घ्या

कोडची रचना एकदा समजली की अर्धी भीती जाते. पहिलं इंग्रजी अक्षर पी असेल तर इंजिन-गिअरबॉक्स, सी म्हणजे ब्रेक-स्टिअरिंगची बाजू, बी म्हणजे बॉडी आणि यू म्हणजे कॉम्प्युटरांच्या आपसातल्या बोलण्याचा बिघाड. दुसऱ्या जागी शून्य असेल तर कोड सगळ्या कंपन्यांना सारखा. एक असेल तर त्या कंपनीचा खास, आणि त्याचा अर्थ दुसऱ्या कंपनीच्या यादीत शोधण्यात अर्थ नाही. तिसऱ्या जागचा आकडा विभाग सांगतो: ०, १, २ म्हणजे इंधन आणि हवा, ३ म्हणजे मिसफायर आणि इग्निशन, ४ म्हणजे धूर-प्रदूषणाची यंत्रणा, ५ म्हणजे वेग आणि आयडलिंग (गाडी उभी, इंजिन चालू), ६ म्हणजे कॉम्प्युटर, ७ म्हणजे गिअरबॉक्स.

अॅपमध्ये कोड दोन प्रकारचे दिसतात. पेंडिंग म्हणजे कॉम्प्युटरला शंका आली आहे, अजून खात्री नाही. स्टोअर्ड किंवा कन्फर्म्ड म्हणजे खात्री झाली आणि दिवा लावला. दोन्ही उतरवा. त्यानंतर फ्रीझ फ्रेम उघडा. नवशिके हे पानच उघडत नाहीत, आणि खरी गंमत तिथेच आहे. कोड पडला त्या क्षणी इंजिनाचे आरपीएम किती होते, भार किती, वेग किती, पाणी किती गरम, हे सगळं त्यात जपून ठेवलेलं असतं.

एक उदाहरण घ्या. पी००८७, म्हणजे रेलमध्ये दाब कमी. फ्रीझ फ्रेममध्ये आरपीएम २९००, भार ९२ टक्के, वेग ताशी ४५, पाणी ९४ अंश. गाडी चाळीसगावकडून कन्नड घाट चढत असणार, खालच्या गिअरमध्ये, गाडीत माणसं भरलेली. इंजिनाने जास्त डिझेल मागितलं आणि ते मिळालं नाही. अशा वेळी डिझेल फिल्टर, टाकीतली जाळी, टाकीपासूनची नळी, टाकीत पंप असेल तर तो पंप, हे आधी बघायचं. आता तोच कोड, पण आरपीएम २१० आणि वेग शून्य. गाडी सेल्फ मारताना, सुरू होण्याआधीच दाब तयार झालेला नाही. इथे इंजेक्टरांतून डिझेल परत टाकीकडे पळतंय का, हाय प्रेशर पंप थकलाय का, की नळीत हवा शिरलीय, हे बघावं लागतं. कोड एकच, पण शोध दोन वेगळ्या टोकांना सुरू होतो.

एकदम दहा-बारा कोड आले, एबीएसपासून एअरबॅगपर्यंत सगळेच रडायला लागले, तर गाडीत एकाच वेळी बारा वस्तू बिघडलेल्या नसतात. बहुतेक वेळा बॅटरी नाहीतर अर्थिंग. ते आधी बघा.

"सर्किट" हा शब्द मी वाचला नव्हता

स्कॅनर हातात येऊन मला वर्ष झालं असेल. सावद्याचे एक काका केळीच्या व्यापारात आहेत, त्यांची चार सिलेंडरची डिझेल जीप आली. "भाऊ, गाडी मिस मारू राह्यली, पण रोज नाही. सकाळी बरी असते, बांधावरच्या रस्त्याला लागली की सुरू होतं." कोड काढला, पी०२०३. यादीत लिहिलं होतं, इंजेक्टर सर्किट, सिलेंडर तीन. मी इंजेक्टर एवढंच वाचलं. तिसरा इंजेक्टर बदलला. त्या इंजेक्टरची किंमत काकांच्या हंगामात लहान नव्हती. तिसऱ्या दिवशी गाडी परत आली, कोड तोच.

मग मी इंजिन चालू ठेवून लाकडी दांड्याने वायरिंगचा जुडगा हलवत गेलो. व्हॉल्व्ह कव्हरच्या मागच्या कोपऱ्याला आलो आणि इंजिन धडधडलं. तिथे जुडगा एका लोखंडी पट्टीवर टेकत होता. वरची काळी टेप गुळगुळीत झिजलेली, आणि आत तिसऱ्या इंजेक्टरच्या वायरचं तांबं उघडं पडून पट्टीला लागत होतं. सपाट रस्त्यावर काही नाही, बांधावरच्या खडबडीत रस्त्यावर हादरे बसले की स्पर्श. काकांनी पहिल्याच वाक्यात दोष सांगितला होता. वायर जोडली, वरून नळी घातली, पट्टीपासून लांब बांधली. मजुरी मी परत केली, इंजेक्टरचे पैसे मात्र परत करता आले नाहीत. तो माणूस काही बोलला नाही, पण ते मला अजून लागतं.

तेव्हापासून कोडातलं पूर्ण वाक्य मी वहीत लिहितो. "सर्किट" असेल तर आधी वायर, कपलर (वायरी जोडणारा प्लग) आणि पिना. "रेंज किंवा परफॉर्मन्स" असेल तर सेन्सर जिवंत आहे, आकडाही देतोय, पण तो आकडा कॉम्प्युटरला पटत नाही. मग सेन्सर चुकतोय की खरंच तसं घडतंय, हे तपासायचं. "हाय" किंवा "लो" असेल तर बहुधा वायर तुटलेली किंवा कुठे तरी चिकटलेली. कोड म्हणजे तक्रार आहे. तक्रार कुणी केली ते त्यात लिहिलेलं असतं, दोष कुणाचा ते आपण शोधायचं.

पार्ट घेण्याआधी बोनट उघडून बघायच्या गोष्टी

बॅटरीपासून सुरू करा. रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी १२.४ ते १२.७ व्होल्ट दाखवायला हवी. सेल्फ मारताना मीटर साडेनऊच्या खाली गेला तर बॅटरी कमजोर किंवा टर्मिनल सैल. इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.७. काही नव्या गाड्यांत अल्टरनेटर मुद्दाम चार्जिंग कमी-जास्त करतो, तिथे आकडा खाली दिसला म्हणून लगेच अल्टरनेटर काढू नका. आपल्याकडच्या ४५ अंशांच्या उन्हात बॅटरी थंड गावांपेक्षा लवकर मरते. मे महिन्यात उन्हाने खंगते आणि दगा डिसेंबरच्या थंडीत देते. बॅटरीची निगेटिव्ह वायर बॉडीला आणि इंजिनाला जिथे बोल्टने बसते, तिथे गंज असेल तर घासून स्वच्छ करा. या एका कामाने कितीतरी विचित्र कोड गेलेले मी पाहिलेत.

नंतर उंदीर. गाडी कापसाच्या गोदामाशेजारी किंवा शेतातल्या घराजवळ उभी राहत असेल तर हे गृहीत धरूनच बघा. एअर फिल्टरच्या डब्यावर शेंगांची टरफलं, लेंड्या किंवा कापसाचं घरटं दिसलं, की इंजेक्टरच्या आणि सेन्सरच्या वायरी टॉर्च धरून एकेक बघायच्या. कपलर हाताने ओढून बघा, काढून आतल्या पिना हिरव्या पडल्यात का, पाणी-ऑइल शिरलंय का, ते पाहा.

एअर फिल्टर काढा. जिनिंगच्या हंगामात इकडच्या गाड्यांच्या जाळ्यांवर कापसाचा फुसका थर बसतो आणि शेतरस्त्यांची धूळ तर बारा महिने. फिल्टर काळा-राखाडी असेल तर बदला, कंप्रेसरच्या जोराच्या हवेने मारून परत बसवू नका. त्याने कागदाला बारीक भोकं पडतात आणि ती धूळ पुढे हवा मोजणाऱ्या सेन्सरवर जाऊन बसते.

डिझेल फिल्टरच्या तळाशी पाणी सोडायचा स्क्रू असतो. इंजिन बंद ठेवून पारदर्शक बाटलीत थोडं डिझेल काढा आणि दहा मिनिटं स्थिर ठेवा. पाणी जड असतं, तळाशी वेगळं दिसेल. घरी ड्रममध्ये साठवलेलं डिझेल पावसाळ्यात भरलं असेल तर हे पाणी सापडतंच सापडतं. पाण्याने इंजेक्टर आणि पंपाची आतली घडण खराब होते. जुन्या पंपाने जे पचवलं ते नव्याला पचत नाही.

मिसिंग: कोणतं सिलेंडर, आणि कशामुळे

डिझेल इंजिनात स्पार्क प्लग नसतो, हे पेट्रोलवरून आलेल्यांनी डोक्यात पक्कं बसवावं. हवा इतकी दाबली जाते की ती तापते, आणि त्यात फवारलेलं डिझेल आपोआप पेटतं. म्हणून सिलेंडर मेलं तर कारणं तीनच ठिकाणी शोधायची: डिझेल नीट फवारलं जात नाही, दाब पुरेसा तयार होत नाही, किंवा हवा बरोबर नाही.

कॉम्प्युटरला मिसिंग कसं कळतं? चार सिलेंडरच्या इंजिनात क्रँकच्या, म्हणजे इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या, प्रत्येक अर्ध्या फेरीला एक सिलेंडर धक्का देतं. बहुतेक इंजिनांत क्रम १-३-४-२. क्रँक सेन्सर प्रत्येक धक्क्यानंतर वेग किती वाढला ते मोजतो. एका धक्क्याला वेग वाढलाच नाही, तर ते सिलेंडर पकडलं जातं. मग पी०३०१ ते पी०३०४ असे कोड येतात, किंवा नेमकं कळलं नाही तर पी०३००. काही डिझेल गाड्या असं न म्हणता सिलेंडरचा वाटा कमी पडतोय असं सांगतात: पी०२६३ पहिलं, पी०२६६ दुसरं, पी०२६९ तिसरं, पी०२७२ चौथं. पहिलं सिलेंडर कोणत्या बाजूचं, हे मात्र मॅन्युअलमध्ये बघून घ्या, अंदाज करू नका.

एक सावधगिरी. प्रत्येक हादरा म्हणजे मिसिंग नव्हे. इंजिनाचं माउंटिंग रबर बसलं तरी उभी गाडी हादरते. आताची बोलेरो तीन सिलेंडरची आहे. तीन सिलेंडरचं इंजिन आयडलिंगला थोडं हलणारच. सायलेन्सरमागे उभं राहून कान द्या. टक-टक-टक आणि मग एक रिकामी जागा, परत टक-टक-टक, अशी ठरलेल्या जागी खाच ऐकू येत असेल तर ते मिसिंग.

सिलेंडर पक्कं करायला तीन सुरक्षित रस्ते आहेत. पहिला, गार इंजिन सुरू करून दोन-तीन मिनिटांत एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या (सिलेंडरांतून धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांच्या) प्रत्येक तोंडावर इन्फ्रारेड गन धरा. जे सिलेंडर काम करत नाही त्याचं तोंड बाकीच्यांपेक्षा स्पष्ट गार दिसेल. दुसरा, चांगल्या स्कॅनरने एकेक सिलेंडर बंद करून बघणं. जे बंद केल्यावर काहीच फरक पडत नाही, ते मेलेलं. हे स्कॅनरनेच करा, चालू इंजिनावर इंजेक्टरचा कपलर उपसू नका. त्या वायरीत बॅटरीपेक्षा कितीतरी जास्त व्होल्टेज असतं आणि पिझो प्रकारचा इंजेक्टर उघडाच राहून पिस्टनला भोक पाडू शकतो.

तिसरा रस्ता मला सगळ्यात आवडतो, इंजेक्टरचा करेक्शन आकडा. इंजिन पूर्ण गरम झाल्यावर आयडलिंगला कॉम्प्युटर प्रत्येक सिलेंडरला किती डिझेल जास्त किंवा कमी देतोय, ते लाइव्ह डेटात दिसतं, मिलिग्रॅममध्ये. शून्याच्या आसपास, अधिक-उणे दोनपर्यंत असेल तर सहसा ठीक. एक सिलेंडर चारच्या पुढे अधिकमध्ये असेल तर ते कमी पडतंय आणि कॉम्प्युटर त्याला जास्त पाजतोय. बराच उणेमध्ये असेल तर तो इंजेक्टर आपणहून जास्त सांडतोय. नेमकी मर्यादा प्रत्येक कंपनीची वेगळी, पण चारांत एक फारच वेगळा असेल तर तो नजरेत भरतो.

सिलेंडर कळलं, आता कारण. इंजेक्टरच्या मुळाशी टॉर्च मारा. तिथे डांबरासारखा कडक काळा थर जमलाय आणि चालू इंजिनावर चफ-चफ आवाज येतोय, तर इंजेक्टरखालचं तांब्याचं वॉशर गेलंय. तिथून दाब निसटतो. लवकर धरलं तर वॉशर बदलून आणि बसायची जागा साफ करून काम भागतं. उशीर झाला तर इंजेक्टर त्या थरात असा जाम होतो की काढताना डोकं तुटतं.

इंजेक्टर आतून थकलाय का, ते परतीचं डिझेल मोजून कळतं. प्रत्येक इंजेक्टरच्या परतीच्या बारीक नळीला एक-एक सारखी बाटली जोडायची, इंजिन आयडलिंगला दोन-तीन मिनिटं चालवायचं आणि पातळ्या शेजारी ठेवून बघायच्या. तीन बाटल्यांत बोटभर आणि चौथीत अर्धी बाटली, तर चौथा इंजेक्टर रेलचा दाब खातोय. ही परत येणारी बाजू कमी दाबाची असते, तरी पहिल्यांदा जाणत्या माणसासोबत करा. पिझो इंजेक्टरच्या गाडीवर हा प्रयोग करायचा नाही, त्यांच्या परतीच्या बाजूलाही ठरावीक दाब लागतो.

डिझेल ठीक, वायर ठीक, तरी सिलेंडर मेलेलं असेल, तर कॉम्प्रेशन टेस्ट. ते वर्कशॉपचं काम आहे. आणि इंजेक्टर बदलायचाच ठरला, तर त्याच्या अंगावरचा कोड स्कॅनरने गाडीत भरायला सांगा. प्रत्येक इंजेक्टर किंचित वेगळा फवारतो आणि तो फरक त्या कोडात असतो. कोड न भरता नुसता बसवलेला नवा इंजेक्टरही मिस मारू शकतो.

मे महिना आणि डिसेंबर

खान्देशात राहण्याचा एक फायदा आहे: इथली दोन टोकांची हवा दोष वेगळे करून दाखवते. गाडी सकाळी एका सेल्फमध्ये लागते, पण दुपारी भुसावळच्या बाजारात अर्धा तास उन्हात उभी करून आलात की सेल्फ मारून-मारून थकायला होतं. ही थकलेल्या इंजेक्टरची किंवा हाय प्रेशर पंपाची खूण. गरम डिझेल पातळ होतं, झिजलेल्या फटीतून सहज निसटतं, आणि सेल्फच्या फेऱ्यांवर दाब तयारच होत नाही. अशा वेळी सेल्फ मारताना रेल प्रेशरचा आकडा बघा. साधारण दीडशे-दोनशे बारच्या वर गेल्याशिवाय बऱ्याच गाड्यांत इंजेक्टर उघडतच नाहीत. अॅप आकडा किलोपास्कलमध्ये देत असेल तर शंभराने भागा: ३०,००० किलोपास्कल म्हणजे ३०० बार.

याच्या उलट, डिसेंबर-जानेवारीत पहाटे सातपुड्याच्या पायथ्याला गाडी सुरू होताना हादरते, पांढरा धूर टाकते आणि दोन मिनिटांनी शहाण्यासारखी चालते, तर हीटर प्लग, म्हणजे गार इंजिनात सिलेंडर तापवणारा प्लग. कोड पी०३८० किंवा पी०६७१ ते पी०६७४. प्लगचा कपलर काढून मल्टीमीटरने प्लग आणि बॉडी यांच्यातला रोध मोजा. चांगला प्लग साधारण एखाद्या ओहमच्या आसपास दाखवतो, जळालेला अनंत. प्लग जुना असेल तर गार इंजिनावर जोर लावून फिरवू नका, तो हेडमध्येच तुटतो.

मिसिंग नाही, पण दम नाही

पी०२९९, टर्बोचा (इंजिनात जास्त हवा दाबून भरणाऱ्या पंख्याचा) दाब कमी. हा कोड ऐकला की टर्बो बदलायला सांगणारे भेटतात. आधी टर्बोपासून इंटरकूलर (ती हवा गार करणारा) आणि तिथून इंजिनापर्यंतचे रबरी होज पाईप बघा. जोडाशी ऑइलचा ताजा ओलावा किंवा तळाच्या बाजूला उभी चीर सापडते. दोघांनी करायचं काम आहे: एकाने रेस द्यायची, दुसऱ्याने फुस्स आवाज कुठून येतो ते ऐकायचं. चीर बंद इंजिनावर मिटलेली असते, म्हणून पाईप हाताने दाबून, वाकवून बघा. त्यानंतर टर्बोच्या ॲक्च्युएटरची व्हॅक्यूमची बारीक नळी. उन्हाने ती कडक होऊन फुटते.

प्रेशर सेन्सर खरा बोलतोय का, हे फुकटात तपासता येतं. चावी ऑन, इंजिन बंद. या वेळी इनटेक मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या नळीत, बाहेरचीच हवा असते. जळगावला सेन्सरने ९७ ते ९९ किलोपास्कल दाखवायला हवं. तोरणमाळला गेलात तर साडेअकराशे मीटर उंचीवर तोच सेन्सर ८८च्या आसपास दाखवेल. जळगावात उभं राहून ८५ दाखवत असेल तर सेन्सर किंवा त्याची वायर चुकतेय, टर्बोला हात लावू नका.

धुराचा रंग इथे मदत करतो. काळा म्हणजे डिझेलच्या मानाने हवा कमी. निळसर म्हणजे ऑइल जळतंय. पांढरा, डोळे चुरचुरवणारा, म्हणजे न जळलेलं डिझेल. पांढरा आणि गोडसर वासाचा, सोबत कूलंट कमी होतंय, तर हेड गॅस्केटची शंका घ्या.

बीएस ६ गाड्यांचा वेगळा त्रास

१ एप्रिल २०२० नंतरच्या, म्हणजे बीएस ६ या प्रदूषणाच्या नियमाच्या, डिझेल गाड्यांना सायलेन्सरच्या वाटेत काजळी अडवणारा डीपीएफ असतो. काजळी भरली की गाडी जास्तीचं डिझेल वापरून तो सुमारे ६०० अंशांपर्यंत तापवते आणि काजळी जाळून टाकते. त्यासाठी तिला सलग चालायला हवं. घर ते दुकान दोन किलोमीटर आणि परत, एवढंच रोज चालणाऱ्या गाडीचं हे काम अर्धवट राहतं आणि पी२४६३ येतो. डीपीएफचा दिवा लागला असेल आणि दुसरा कोणताही दोष नसेल, तर जळगावहून धुळ्याच्या चौपदरी रस्त्याला लागा, ताशी साठच्या वर स्थिर वेग ठेवा आणि वीस-पंचवीस मिनिटं मध्ये न थांबता चालवा. नेमका वेग आणि वेळ मॅन्युअलमध्ये दिलेली असते. ते चालू असताना, किंवा नुकतंच झालेलं असताना, गाडी वाळक्या गवतावर किंवा शेतात पडलेल्या पऱ्हाटीवर उभी करू नका. खालचा तापलेला डबा आग लावतो.

मिस मारणाऱ्या गाडीचा डीपीएफ वारंवार भरतो, कारण न जळलेलं डिझेल आणि काजळी त्यातच जाते. म्हणून दोन्ही कोड एकत्र असतील तर मिसिंग आधी दुरुस्त करा. ऑइलची काडीही बघा. अर्धवट राहिलेल्या जाळण्यांमुळे डिझेल ऑइलमध्ये उतरतं, पातळी वरच्या खुणेच्या वर जाते आणि ऑइलला डिझेलचा वास येतो. तसं असेल तर आधी ऑइल बदला, मग लांब चालवा. डीपीएफ काढून टाकून देतो म्हणणाऱ्याला नकार द्या. ते बेकायदा आहे, आणि तो धूर आपल्याच पोरांच्या छातीत जातो.

दुरुस्तीनंतर

सापडलेला दोष दुरुस्त झाल्यावरच कोड पुसा. एकावेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर गाडी कशाने बरी झाली ते कळत नाही. मग कोड पहिल्यांदा ज्या परिस्थितीत पडला होता तीच परिस्थिती मुद्दाम तयार करा. फ्रीझ फ्रेममध्ये चढ आणि भार होता तर चढावर न्या, गार इंजिन होतं तर रात्रभर उभी ठेवा, खडबडीत रस्ता होता तर शेताकडे घ्या. सपाट रस्त्यावर एक चक्कर मारून मालकाला चावी देऊ नका. परत आल्यावर पेंडिंगचं पान उघडा. दिवा लागलेला नसला तरी तोच कोड तिथे परत डोकावतोय का ते बघा.

दुसऱ्या दिवशी सकाळी गार इंजिनावर पहिला सेल्फ मारा, सायलेन्सरमागे उभं राहून ती रिकामी खाच येतेय का ऐका, आणि गाडी पूर्ण गरम झाल्यावर चारही करेक्शन आकडे वहीत जुन्या आकड्यांच्या शेजारी लिहून, खाली तारीख आणि किलोमीटर टाका.